पालकांनी भेटावे

तिसरीतल्या एका मुलाची गृहपाठाची वही. बाहेरून तपकिरी कागदाचं कव्हर, त्यावर नाव, इयत्ता, तुकडी. आत एका पानाच्या तळाशी लाल शाईत बाईंनी लिहिलंय, ‘पालकांनी भेटावे.’ त्याखाली निळ्या शाईत आईची सही. पुढं आठ-दहा पानांनी पुन्हा तेच वाक्य, या वेळी खाली दोन रेघा ओढलेल्या. पुन्हा सही. तिसऱ्या वेळेला ‘पालकांनी अवश्य भेटावे’, आणि सही जरा घाईतली, शेवटचं अक्षर पानाबाहेर गेलेलं. भेट काही झालेली नाही. बाईंच्या लेखी त्यांनी कळवलेलं आहे, आईच्या लेखी तिनं पाहिलेलं आहे, आणि मुलगा आपला टपालवाल्यासारखा वही पोचवतोय. यात काही वेगळं नाही, असं सगळ्याच शाळांत होतं. पण ही शाळा वसईच्या एका धर्मग्रामाची, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजाची आहे. या बाई आणि ही आई दर रविवारी चर्चमधल्या एकाच मिस्साला, म्हणजे उपासनेला असतात, दोन बाकांच्या अंतरावर. शांतीचा नमस्कार करताना एकमेकींकडे वळून हातही जोडतात. तीन लाल शेऱ्यांच्या त्या काळात हे रविवारही होऊन गेले असणार.

हे डोक्यातून जात नाही.

वसईच्या पट्ट्यात अशा शाळांची मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच. एका आवारात चर्च, त्याला लागून दफनभूमी, पलीकडे सिस्टरांचं कॉन्व्हेंट, आणि मधल्या मैदानाच्या कडेला कौलारू किंवा आता स्लॅबची झालेली शाळा. दाराशी मारियामातेची ग्रोटो, म्हणजे मूर्तीसाठी केलेली लहानशी गुहा. मॅनेजर फादर, मुख्याध्यापिका बहुधा सिस्टर, आणि वर्गावर बाई किंवा सर, जे याच गावचे नाहीतर शेजारच्या आळीतले. १९९८ मध्ये वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला, पण मराठी माध्यमाच्या या शाळा त्याच्याही आधीच्या, काहींत आजी, आई आणि नात एकाच वर्गात बसून गेलेल्या. अशा ठिकाणी पालक आणि शाळा यांचं नातं मुद्दाम जोडावं लागत नाही, ते आयतंच मिळतं, असं सगळे धरून चालतात. आणि धरून चालल्यामुळंच त्यावर कुणी काम करत नाही.

खरं तर चर्चनं हा विषय गृहीत धरलेला नाही. बाप्तिस्म्याच्या विधीतच आईवडिलांना श्रद्धेच्या वाटेवरचे मुलाचे पहिले शिक्षक म्हटलेलं आहे. १९६५च्या व्हॅटिकन परिषदेच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात हेच पुन्हा आलं. १९८३च्या धर्मसंहितेचं ७९६ वं कलम तर आणखी खाली उतरून सांगतं: पालकांनी शिक्षकांशी जवळून सहकार्य करावं, शिक्षकांनी पालकांचं मनापासून ऐकावं, आणि त्यासाठी पालकांच्या सभा-संघटना स्थापाव्यात, त्यांना मान द्यावा. ऐकण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकलेली आहे, हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याकडच्या पालकसभेत मात्र ऐकायचं काम पूर्णपणे पालकांकडं असतं.

ती आई का भेटली नाही याचं उत्तर अवघड नाही. पहाटेच्या लोकलनं फुलांची टोपली घेऊन दादरला जाणारी बाई घरी परतते, तोवर शाळेची वेळ संपत आलेली असते. नवरा अंधेरीला कंपनीत, संध्याकाळी विरार लोकलमधून आठच्या पुढं उतरणारा. घरी सासू आहे, पण सिस्टरांसमोर ती बोलणार नाही. कारण घरात बोलतात ती कादोडी, म्हणजे इथली बोली, आणि शाळेत बोलायची ती पुस्तकी मराठी. बाईंना कादोडी येते, फाटकाबाहेर त्या तीच बोलतात, पण वर्गाचा उंबरठा ओलांडला की त्यांचीही भाषा बदलते. शिवाय ‘भेटावे’ या शेऱ्यात कशासाठी हे लिहिलेलं नसतं. ज्या पालकानं शाळेत असताना बाईंचा मार खाल्लेला आहे त्याला हे वाक्य समन्ससारखंच वाचता येतं. मग सही करून विषय मिटवणं हेच सोपं. तोच शेरा असा लिहिता आला असता: ‘जोडाक्षरं आली की वाचताना थांबतो, बाकी छान वाचतो. दहा मिनिटं बोलायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळी घरी असाल तर मी फोन करू का?’ चार ओळी जास्त, पण त्यात अडचण आहे, मुलाचं एक चांगलं आहे, किती वेळ लागेल ते आहे आणि यायची सक्ती नाही. बाईंची बाजूही धरायला हवी. पस्तीस वह्या तपासून झाल्यावर चार ओळी लिहिण्याची ताकद हातात उरत नाही. म्हणून काही शाळांनी छोट्या चिठ्ठ्या छापून घेतल्यात: विषय, वेळ आणि फोन असे तीन रकाने, बाईंनी फक्त भरायचे. साधी युक्ती आहे. मुख्याध्यापकांनी सत्र सुरू होतानाच प्रत्येक वर्गाला शंभर चिठ्ठ्यांचा गठ्ठा दिला तर वर्षभर पुरतो.

पालकसभेचं चित्र तर पाठ आहे. प्रार्थनागीत, दीपप्रज्वलन, पाहुण्यांना गुलाब. मग सिस्टरांचं वीस मिनिटं भाषण, त्यात गणवेश, नखं, उशिरा येणं आणि मोबाइल. मग फादर दोन शब्द बोलतात, ते दोनावर थांबत नाहीत. शेवटी ‘कुणाला काही शंका?’ शांतता. चहा-बिस्किटं. आणि मग खरी सभा सुरू होते: बाईंच्या टेबलाभोवती पंधरा आयांचा घोळका, प्रत्येकीला फक्त आपल्याच मुलाबद्दल विचारायचंय, आणि ज्याची चौकशी चाललीय तो मुलगा बाजूला उभा राहून आपल्याबद्दलचं सगळं ऐकतोय, शेजारच्या मुलांच्या आयाही ऐकताहेत. ‘हा गणितात कच्चा आहे’ हे वाक्य तिथं एकदा पडलं की वर्षभर त्या पोराच्या मागं लागतं.

हिशेब करून पाहावा. वर्गात ३० मुलं, प्रत्येक पालकाला दहा मिनिटं, म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. एका सभेत हे बसणारच नाही, कितीही नियोजन करा. पण रोज शाळा सुटल्यावर तीन पालक घेतले तर दहा दिवसांत वर्ग संपतो, आणि वर्षातून दोनदा केलं तर वीस दिवस. ज्या शाळांत हे चालतं तिथं काही गोष्टी ठरलेल्या असतात. बाई टेबलामागं बसत नाहीत, मुलांच्या बाकावर पालकाशेजारी बसतात. बाक बुटका असतो, गुडघे वर येतात, दोघांचेही. समोर मुलाची खरी वही, जूनचं पान आणि आत्ताचं पान. आधी पालकाला विचारायचं, ‘घरी कसा असतो?’ आणि उत्तर संपेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, हे सगळ्यात कठीण. मग आपलं एकच म्हणणं, पाच नव्हे. आणि उठताना घरी करता येईल अशी एक लहानशी गोष्ट. ‘घरी अभ्यास घेत जा’ ही गोष्ट नव्हे, तो आदेश झाला, आणि तोही ज्या आईला सातवीनंतर शाळा सोडावी लागली तिला दिलेला. ‘रोज जेवणाआधी दहा मिनिटं त्याला मोठ्यानं वाचायला सांगा, तुम्ही भाकऱ्या करत ऐका, अडला तर पुढं जाऊ द्या’ हे जमतं. वाचता न येणाऱ्या आजीलाही ऐकता येतं. बहुतेक घरांत मुलं आजीसमोरच जास्त वाचतात, कारण ती चुका काढत नाही.

व्हॉट्सअॅपनं हे सगळं सोपं केलं असं म्हणतात. अर्धंच खरं. गटात नंबर असतो वडिलांचा, आणि वडील दिवसभर कामावर. ‘उद्या चित्रकलेसाठी घोटीव कागद आणणे’ हा निरोप रात्री साडेनऊला पडतो, वडील तो भाईंदर-नायगावच्या मध्ये लोकलच्या दाराशी उभं राहून वाचतात, घरी सांगायचं राहून जातं, आणि दुसऱ्या दिवशी पोर रिकाम्या हातानं वर्गात. बाईंना वाटतं पालक बेफिकीर. आईला वाटतं बाई आयत्या वेळी सांगतात. दोन नंबर घ्यावेत, त्यात एक दिवसा घरात असणाऱ्या माणसाचा. गटात फक्त शाळेनं लिहावं, संध्याकाळी सातच्या आत. मुलाबद्दलचं काही कधीच गटात नको. आणि ‘सुप्रभात’ची चित्रं पाठवणाऱ्या काकांना फादरांनीच एकदा प्रेमानं सांगावं, कारण बाईंचं ते ऐकत नाहीत.

पण हे झाले तंत्राचे प्रश्न. रविवारच्या त्या दोन बाकांच्या अंतराचं कोडं यानं सुटत नाही.

परकेपणामुळं पालक बोलत नाहीत, असं आपण मानतो. इथं उलट आहे, जास्त ओळखीमुळं बोलत नाहीत. बाई नवऱ्याच्या मावसबहिणीची जाऊ असतात, किंवा गायकवृंदात शेजारी उभ्या राहून गातात. ज्या फादरांकडं शाळेची तक्रार न्यायची त्यांनीच मागच्या महिन्यात आजीचा दफनविधी केलेला, आणि पुढच्या मे महिन्यात मुलाचा प्रथम ख्रिस्तप्रसाद त्यांच्याच हातून व्हायचाय. अशा माणसाला ‘बाई वर्गात फार ओरडतात’ कसं सांगायचं? सांगितलं आणि रविवारच्या प्रवचनात संयमावर काही आलं, तर सगळं गाव मागं वळून बघणार. मग तक्रार शाळा सोडून सगळीकडं फिरते, रिक्षा स्टँडवर, बाजारात, लग्नाच्या मांडवात, आणि शेवटी बाईंच्या कानावर जाते ती तिखटमीठ लागून. बाईंचीही कोंडी तीच. ‘तुमच्या घरात भांडणं होतात का? मूल घाबरलेलं असतं’ हे त्या विचारू शकत नाहीत, कारण भांडणं होतात हे त्यांना आधीच माहीत आहे, आणि कुणाकडून माहीत आहे हेही आईला माहीत आहे.

यावर उपाय रुक्ष आहे आणि रुक्षपणामुळंच चालतो: पायऱ्या ठरवणं. आधी वर्गशिक्षक, मग मुख्याध्यापक, मग मॅनेजर. प्रत्येक पायरीला लेखी, तारखेसह, आणि उत्तर किती दिवसांत येणार ते आधीच फलकावर लावलेलं. चर्चच्या पायऱ्यांवर, मिस्सा संपल्यावर, शाळेबद्दल कुणी काही काढलं तर फादरांनी म्हणायचं, ‘उद्या ऑफिसात या, इथं नको.’ सुरुवातीला लोकांना हे तुसडं वाटतं, ‘फादर बदलले’ असंही म्हणतात. पण शाळेचं बोलणं शाळेत राहिलं की रविवार मोकळा होतो, आणि रविवार मोकळा असला की सोमवारी बोलायची भीती कमी होते. शाळेच्या भिंतीवर तक्रारपेटी असतेच, शासनाचा तसा आदेश आहे. ती कोण उघडतं हे महत्त्वाचं. किल्ली एकट्या मुख्याध्यापकांकडं असेल तर पेटी रिकामीच राहणार. ठरलेल्या दिवशी पालकांच्या प्रतिनिधीसमोर उघडली तर हळूहळू चिठ्ठ्या पडायला लागतात.

एका बाबतीत मात्र या पायऱ्याही नाहीत. मुलाच्या अंगाला कुणी वाईट हेतूनं हात लावल्याचा संशय असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या १९व्या कलमानं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला शिक्षा आहे आणि संस्थेच्या प्रमुखाला अधिक. ‘आधी फादरांशी बोलू’, ‘चर्चचं नाव निघेल’, ‘चांगल्या घरचा माणूस आहे’ ही वाक्यं ओळखीच्या गावात फार लवकर तोंडावर येतात, म्हणून जून महिन्यातल्या पहिल्याच सभेत हे कलम वाचून दाखवायला हवं. गणवेशाच्या आधी.

आता या शाळांत निम्म्याहून जास्त मुलं ख्रिस्ती नाहीत असे वर्ग सर्रास दिसतात. पाड्यांवरची वारली मुलं, कोकण-देशावरून आलेल्यांची, उत्तरेकडून आलेल्या कामगारांची. त्यांच्या पालकांची अडचण अगदी दुसऱ्या टोकाची. त्यांना सिस्टर म्हणजे कुणी फार मोठी व्यक्ती वाटते, शाळेत येताना चपला वर्गाबाहेर काढून ठेवतात. ऑक्टोबरात जपमाळेच्या महिन्यात ग्रोटोपुढं फूल ठेवून जाणाऱ्या आयांत यांच्यातल्याही असतात. पण धर्मशिक्षणाच्या तासाला आपलं मूल कुठं असतं हे त्यांतल्या बऱ्याच जणींनी कधी विचारलेलं नसतं. राज्यघटनेचं २८(३) कलम सांगतं की अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवायचं तर पालकांची संमती हवी. म्हणून त्या तासाला बाकीच्या मुलांसाठी मूल्यशिक्षण असतं. वेळापत्रकात असतं, म्हणजे. प्रत्यक्षात ती मुलं शेजारच्या वर्गात राहिलेलं शुद्धलेखन पुरं करत बसतात, कारण तो तास घेणाऱ्या सरांना त्याच वेळी शालेय पोर्टलवर माहिती भरायची असते. हे कुणाच्या वाईट मनातून होत नाही. पण विचारणारं कुणी नसलं की असंच होतं. प्रवेशाच्या दिवशीच, फॉर्म भरताना, दोन मिनिटं समोर बसवून सांगितलं की सकाळची प्रार्थना अशी असते, हा तास असा असतो, तुमच्या मुलानं काय करावं ते तुम्ही सांगा, तर तो पालक पुढच्या सभेला मागच्या रांगेत बसत नाही.

दोघांची गरज एकच असली की भागीदारी कशी धावते, ते पटसंख्येच्या वेळी बघावं. शिक्षकांची पदं आता आधार जुळलेल्या मुलांवर मंजूर होतात. ख्रिस्ती नावांचं तर रामायणच. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘डॉमनिक’, जन्मदाखल्यावर ‘डोमिनिक’, आधारवर इंग्रजीतून परत मराठीत येताना तिसरंच काही. आडनाव ‘लोपीस’ की ‘लोपेस’, ‘घोन्साल्विस’ की ‘गोन्साल्वीस’. एक अक्षर चुकलं की पोर्टल मुलाला ओळखत नाही, आणि पट ६०च्या आत आला की दोन शिक्षक आणि चार वर्ग अशी गत. मग बाई घरोघर फिरतात, आया ट्रंकेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद काढून देतात, वडील अर्धी रजा टाकून आधार केंद्राच्या रांगेत उभे राहतात. तेव्हा कुणाला वेळ नसतो असं होत नाही. आणि हेही म्हणून टाकावं: त्याच बाईंची स्वतःची मुलं पलीकडच्या इंग्रजी माध्यमात असतात, हे पालक बघत असतात, आणि पटाची ही धावपळ संपली की आपापसात बोलतातही.

कायद्याचा आधार इथं तसा पातळ. शिक्षण हक्क कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये ठरवलं, त्यामुळं त्या कायद्यातल्या व्यवस्थापन समितीचा धाक इथं चालत नाही. राज्याच्या २०११च्या शुल्क विनियमन कायद्यानं पालक-शिक्षक संघाची कार्यकारिणी इच्छुक पालकांतून सोडतीनं काढायला सांगितलीय, आणि ही सोडत फार चांगली गोष्ट आहे. चिठ्ठी काढली की दरवेळची तीच चार नावं, म्हणजे धर्मग्राम परिषदेतले, बचतगटातले, फादरांच्या विश्वासातले, आपोआप मागं पडतात. कधी रंगकाम करणारा बाप येतो, कधी फुलं विकणारी. अडचण एकच, इच्छुकांची यादी करतानाच पुन्हा तीच नावं लिहिली जातात. यादी वर्गावर्गांतून फिरवली पाहिजे, नुसती नोटीस लावून चालत नाही.

आणि संघात आल्यावर काम काय? बहुतेकांना वार्षिक संमेलनाच्या खुर्च्या मांडणं एवढंच मिळतं. त्यापेक्षा त्यांना खिचडीकडं पाठवावं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं माप आहे. ८० मुलं हजर तर ८ किलो तांदूळ, एक किलो सहाशे ग्रॅम डाळ. वाढण्याआधी दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात एक शिक्षक हवा, आणि नोंदवहीत लिहायचं. कुठल्याही शाळेची ही चवीची नोंदवही उघडून बघा, पानामागून पानं ‘चव चांगली’, ‘चव चांगली’, एकाच अक्षरात, बहुधा आठवड्याची एकदम. अशाच एका वहीत सोडतीत नाव निघालेल्या एका आईनं लिहिलं, ‘डाळ कच्ची. मीठ जास्त.’ मोठा गहजब झाला. बाई म्हणाल्या असं लिहायचं नसतं, तपासणीला अधिकारी येतात. स्वयंपाकाच्या मावशी दोन दिवस बोलल्या नाहीत, त्या तर तिच्याच आळीतल्या. सिस्टरांनी पान फाडलं नाही, एवढंच केलं. मावशींशी बोलल्यावर कळलं की गॅस पुरत नाही म्हणून त्या कुकरची एक शिट्टी कमी करतात, आणि सिलिंडरचे पैसे वेळेवर येत नाहीत ही गोष्ट त्यांनी आजवर कुणाला सांगितली नव्हती. मग संघानं एक जादा सिलिंडर ठेवला. आता त्या रकान्यात बरंच काहीबाही येतं. ‘चांगली.’ ‘भाजी कमी.’ ‘तिखट लागते, पहिलीतली मुलं टाकून देतात.’ मावशी वाचतात, चिडतात, ‘यांच्या घरी काय रोज पंचपक्वान्नं असतात’ म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी मिरची कमी घालतात.